सोंग आणि ढोंग : आभासी यंत्रातला यूएसबी सिरियल पोर्ट

(छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन. बोलण्यातील रूपे बऱ्याच ठिकाणी तशीच ठेवली आहेत. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने यूएसबी पोर्टवर बोलावं, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण खरं काय, भासमान काय, नक्कल कधी असलाची जागा घेऊ शकते, हे आमचे जुनेच प्रश्न आहेत. ते पूर्वी दोरी आणि सापाच्या दृष्टांतातून विचारले जात, आज कंप्युटरच्या पडद्यावर विचारले जातात. फरक एवढाच की इथे उत्तर चुकलं तर परीक्षेत गुण जात नाहीत, लेथवरचा जॉब जातो.

१. प्रश्न कुठून येतो

आपल्या शहराचा औद्योगिक इतिहास तुम्हाला माहीत आहे. रेल्वे स्टेशन आणि चिकलठाणा या वसाहती आधीच्या. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणाऱ्या लहान-मोठ्या वर्कशॉपचं जाळं उभं राहिलं. यातल्या कितीतरी शेडमध्ये सेकंड-हँड घेतलेली सीएनसी मशीन आहेत. मशीनचं लोखंड वीस-पंचवीस वर्षं टिकतं, नीट वंगण दिलं तर त्याहून जास्त. त्याच्याशी बोलणारा कंप्युटर मात्र दहा वर्षांत म्हातारा होतो.

तर्कशास्त्र शिकून पुढे वडिलांचं वर्कशॉप सांभाळणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने मला विचारलं, "सर, मशीन ठणठणीत आहे, पण त्याला प्रोग्राम पाठवणारा पीसी मेलाय. नव्या पीसीला मागचा तो नऊ पिनांचा पोर्टच नाही, आणि आमचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीशिवाय चालत नाही. पोरं म्हणतात, कंप्युटरच्या आत खोटा कंप्युटर बसवू आणि त्याला खोटा पोर्ट लावू. खोट्यावर खरा जॉब कसा काढायचा?"

हा प्रश्न मला फार आवडला. आजचं सगळं व्याख्यान त्याचं उत्तर आहे असं समजा.

२. एका ओळीने जाणारी अक्षरं

आधी सिरियल म्हणजे काय ते पाहू. एका अरुंद दारातून माणसं एकामागे एक जातात, तशी एका तारेवरून शून्य आणि एक ही चिन्हं एकामागे एक जातात. याचं प्रसिद्ध मानक म्हणजे आरएस-२३२. ते १९६० मध्ये अमेरिकेत तयार झालं आणि त्याची 'सी' आवृत्ती १९६९ ची. तारेवर उणे ३ ते उणे १५ व्होल्ट असतील तर 'एक', अधिक ३ ते अधिक १५ असतील तर 'शून्य'. म्हणजे आपल्या सहज समजुतीच्या उलट.

तार रिकामी असते तेव्हा 'एक' या अवस्थेत शांत असते. अक्षर यायचं म्हटलं की एक प्रारंभ-बिट येतो, मग अक्षराचे सात किंवा आठ बिट, मग हवा असेल तर तपासणीसाठी पॅरिटी बिट, आणि शेवटी एक किंवा दोन थांबा-बिट. दोन्ही टोकांनी वेग आधी ठरवून घ्यायचा. त्या वेगाचं 'बॉड' हे माप फ्रेंच तारयंत्रज्ञ एमिल बोदो यांच्या नावावरून आलं आहे. वेग एका टोकाला ९६०० आणि दुसऱ्या टोकाला ४८०० ठेवला, तर तिकडे निव्वळ कचरा पोचतो.

या व्यवस्थेत एक गोष्ट ध्यानात ठेवा. तार कुणाला "तू कोण?" असं विचारत नाही. पलीकडे मोडेम आहे, छपाईयंत्र आहे की लेथ आहे, हे पोर्टला माहीत नसतं आणि माहीत करून घेण्याची सोयही नसते. कोण आहे ते माणसाला माहीत असतं, कारण केबल त्याने लावलेली असते.

३. यूएसबी : विचारल्याशिवाय न बोलणारं उपकरण

यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली. ती घडवणाऱ्यांत इंटेलमधले अजय भट्ट हे प्रमुख नाव. त्यांचं शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालं. ज्यांच्या नावाचं ते विद्यापीठ, ते सयाजीराव आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. ही आठवण ओघात सांगितली.

यूएसबीची रीत आरएस-२३२ च्या अगदी उलटी आहे. इथे सगळा कारभार ओळख-परेडने सुरू होतो. उपकरण खोचलं की यजमान कंप्युटर त्याला विचारतो, तू कोण? नवीन आलेल्याचा पत्ता सुरुवातीला शून्य असतो. उपकरण १८ बाइटांचं एक वर्णनपत्र देतं. त्यात उत्पादकाचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक, ती कोणत्या वर्गातली, अशी माहिती असते. मग यजमान त्याला १ ते १२७ मधला एक पत्ता देतो, पुढची वर्णनपत्रं मागतो आणि त्या क्रमांकाला जुळणारा ड्रायव्हर शोधतो. पुढेसुद्धा उपकरण आपण होऊन तोंड उघडत नाही. यजमानाने "काही आहे का?" असं विचारलं तरच ते देतं.

आता नैयायिकाच्या नजरेने पाहा. यजमानाला उपकरणाविषयी जे काही कळतं ते फक्त त्याच्या उत्तरांवरून कळतं. आत तांबं आहे, सिलिकॉन आहे की आणखी काही, हे त्याला प्रत्यक्ष दिसत नाही. अमुक प्रश्नांना अमुक उत्तरं मिळतात, म्हणून हे अमुक उपकरण, असं ते अनुमान आहे. आणि अनुमानात नेहमी एक फट असते. तशीच उत्तरं देणारं दुसरं काही असू शकतं. आपला सगळा विषय त्या फटीत राहतो.

४. पाहुणा आणि यजमान

आभासी यंत्र म्हणजे कंप्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कंप्युटर. बाहेरचा तो यजमान, आतला तो पाहुणा. ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली आणली. तिच्यात एकाच मोठ्या यंत्रावर प्रत्येकाला स्वतःचा असा आभासी कंप्युटर मिळायचा. त्या आभासी कंप्युटरला कार्डवाचक, कार्डांना भोकं पाडणारं पंच-यंत्र आणि छपाईयंत्रसुद्धा आभासी असायची. आज आपल्या घरच्या पीसीवर हेच काम करणारा एक प्रसिद्ध मुक्त प्रोग्राम म्हणजे क्यूएमू. फाब्रिस बेलार यांनी तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला.

आपल्या वर्कशॉपच्या अडचणीत पाहुणा म्हणजे विंडोज एक्सपी. त्याला मशीनपर्यंत पोचवायचे मुख्य मार्ग तीन.

पहिला मार्ग, खरं उपकरण पाहुण्याच्या हवाली करणं. बाजारात मिळणारा यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर यजमानाला खोचायचा, पण यजमानाने त्याला हात लावायचा नाही. पाहुण्याचे सगळे प्रश्न थेट त्याच्यापर्यंत न्यायचे. यात सोंग कमी आहे. अडचण अशी की त्या कन्व्हर्टरचा एक्सपीवर चालणारा ड्रायव्हर हवा, आणि नव्या चिपांचे तसे ड्रायव्हर मिळतीलच असं नाही.

दुसरा मार्ग, जुन्या पोर्टचं सोंग. जुन्या पीसीतल्या १६५५० जातीच्या सिरियल चिपची नक्कल क्यूएमू पाहुण्यासमोर उभी करतो. एक्सपीला ती जन्मापासून माहीत आहे, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मागच्या बाजूला ही नक्कल यजमानाच्या खऱ्या कन्व्हर्टरला जोडायची. तो चालवण्याची जबाबदारी यजमानाच्या नव्या ड्रायव्हरची.

तिसरा मार्ग, यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरचंच सोंग. पाहुण्याला वाटतं, आपल्याला कुणीतरी यूएसबी कन्व्हर्टर खोचला. प्रत्यक्षात तो कन्व्हर्टर म्हणजे काही शे ओळींचा प्रोग्राम असतो. चारपेक्षा जास्त पोर्ट हवेत, चालू पाहुण्याला पोर्ट लावायचा-काढायचा आहे, पाहुण्याच्या यंत्ररचनेत जुना पोर्टच नाही, किंवा हातात वस्तू नसताना ड्रायव्हर तपासायचा आहे, अशा वेळी हा मार्ग उपयोगी. पण दुसऱ्याने काम भागत असेल तर तिसऱ्याच्या नादी लागू नये. सोंग जितकं साधं, तितकं ते टिकतं.

५. सोंग कसं वठतं

क्यूएमूचं हे यूएसबी सिरियल उपकरण कुणाची नक्कल करतं? स्कॉटलंडमधल्या एफटीडीआय कंपनीच्या प्रसिद्ध कन्व्हर्टर चिपची. पाहुण्याने विचारलं, उत्पादक-क्रमांक? तर उत्तर ०४०३, म्हणजे एफटीडीआयचा. वस्तू-क्रमांक? ६००१, म्हणजे त्यांच्या त्या चिपचा. पाहुणा खूश होतो आणि एफटीडीआयचा ड्रायव्हर लावतो.

ड्रायव्हर मग त्या चिपच्या बोलीत हुकूम देऊ लागतो. वेग एवढा ठेव, पॅरिटी सम ठेव, अमुक तार वर कर. ही बोली एफटीडीआयची खासगी आहे. (यूएसबीत सिरियलसाठी एक सार्वजनिक वर्गही आहे. त्यात सगळी मांडणी ७ बाइटांत सांगतात : चार बाइट वेगाचे, आणि थांबा-बिट, पॅरिटी व अक्षराचे बिट यांना एकेक.) नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला ही बोली जशीच्या तशी यावी लागते, तिच्या लकबींसकट. एफटीडीआयची खरी चिप यजमानाकडे जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाच्या आरंभी दोन बाइट तारांच्या खबरबातीचे लावते. पलीकडचा तयार आहे का, काही चूक झाली का, वगैरे. पाकीट ६४ बाइटांचं असेल तर माल ६२ चाच. क्यूएमूच्या नकलेत तारा नाहीतच, पण ते दोन बाइट तीही लावते. लावले नाहीत तर ड्रायव्हर मालातलेच पहिले दोन बाइट खबरबात समजून काढून टाकील, आणि प्रत्येक पाकिटातली दोन अक्षरं गुपचूप नाहीशी होतील.

६. वेरूळचे दगडी वासे

हे ऐकताना मला वेरूळचं दहावं लेणं आठवतं. विश्वकर्मा लेणं, लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. सुमारे १३०० वर्षांपूर्वीचं चैत्यगृह. आत जाऊन वर पाहा. छताला वासे दिसतात, लाकडी घराला असावेत तसे ओळीने. पण ते दगडात कोरलेले आहेत. त्यांच्यावर भार नाही, ते काढले तरी डोंगर पडणार नाही. लाकडी चैत्यगृहाची सवय झालेल्या डोळ्यांसाठी ते आहेत.

आपल्या यंत्रांत असे दगडी वासे जागोजागी सापडतात. फॅनकच्या कंट्रोलवर प्रोग्राम बाहेर पाठवायचा तर कितीतरी मॉडेलवर 'पंच' नावाची कळ दाबावी लागते, कारण एके काळी प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून निघत असे. प्रोग्रामच्या सुरुवातीचं टक्क्याचं चिन्ह हे त्याच पट्टीची खूण. लिनक्समध्ये सिरियल पोर्टच्या नावात 'टीटीवाय' येतं, ते टेलिटाइपचं. टेलिटाइप गेलं, नाव राहिलं.

तसाच पाहुण्याने ठरवलेला बॉडचा आकडा. नकलेच्या मागे नुसती फाइल किंवा दुसरं आभासी यंत्र जोडलेलं असेल, तर पाहुणा ९६०० म्हणो की ३००, अक्षरं स्मृतीतून स्मृतीत जातात. तिथे तो आकडा दगडी वासा आहे. पण मागे खरा पोर्ट जोडला की क्यूएमू तोच आकडा खऱ्या पोर्टला सांगतो, आणि मग तो खरोखर भार पेलतो. एकच आकडा एका जोडणीत शोभेचा, दुसऱ्या जोडणीत आधाराचा! बारकाईने पाहिल्याशिवाय कोणता कुठे, ते कळत नाही.

७. मग हे खरं की खोटं?

सातव्या शतकातला बौद्ध आचार्य धर्मकीर्ती याने सत् कशाला म्हणावं याची एक कसोटी दिली : अर्थक्रियासामर्थ्य. जे कार्य घडवून आणू शकतं ते सत्. मृगजळ पाण्यासारखं दिसतं, पण तहान भागवत नाही. ज्ञानाचीही कसोटी तीच, ते व्यवहारात फसवत नाही ना.

ही कसोटी इथे लावू. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० च्या आपल्या गाजलेल्या निबंधात असा मुद्दा मांडला की कंप्युटरवर वादळाचं अनुकरण केलं म्हणून कुणी ओलं होत नाही, आगीचं केलं म्हणून वस्ती जळत नाही. बरोबर आहे. पण सिरियल पोर्टचं तसं नाही. पोर्टचं काम भिजवणं किंवा जाळणं नाही. त्याचं काम अक्षरं इकडून तिकडे पोचवणं. नकली पोर्टनेही अक्षरं पोचवली, तर ती अक्षरं नकली नसतात. निरोप्याचं सोंग घेतलेल्याने निरोप बिनचूक पोचवला, तर निरोप पोचलाच.

म्हणजे जिथे वस्तूचं कार्यच निरोपाचं आहे, तिथे हुबेहूब नक्कल आणि असल यांतली भिंत फार पातळ होते. पण ही कसोटी मध्येच लावून चालत नाही, साखळीच्या शेवटी लावावी लागते. पाहुण्याच्या पडद्यावर 'प्रोग्राम पाठवला' असं आलं, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. मृगजळसुद्धा लांबून पाणीच दिसतं. प्रोग्राम मशीनच्या स्मृतीत अक्षर न् अक्षर उतरला का, आणि टूल सांगितल्या जागी गेलं का, ही अर्थक्रिया.

८. वेळेचं सोंग आणता येत नाही

मराठीत म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. आभासी यंत्राच्या बाबतीत पैशाच्या जागी 'वेळ' हा शब्द घाला. नाव, क्रमांक, बोली, सगळ्यांची नक्कल होते. वेळेची फार अवघड.

एक हिशेब करून पाहू. जुन्या सीएनसी कंट्रोलची स्मृती छोटी. अक्षरं जास्त वेगाने आली की कंट्रोल 'थांब' असं एक खास अक्षर पाठवतो, त्याला एक्सऑफ म्हणतात. जागा झाली की 'चल' म्हणजे एक्सऑन पाठवतो. फॅनकच्या कितीतरी कंट्रोलवर नियम असा : 'थांब' म्हटल्यावर आणखी १० अक्षरांपर्यंत आली तर चालवून घेऊ, त्यापुढे आली तर ८७ नंबरचा अलार्म, बफर ओव्हरफ्लो.

आता ९६०० चा वेग. एक प्रारंभ-बिट, सात अक्षराचे, एक पॅरिटी, दोन थांबा-बिट, मिळून ११ बिटांचं एक अक्षर. सेकंदाला साधारण ८७२ अक्षरं. मशीनने पाठवलेलं 'थांब' कन्व्हर्टरच्या चिपमध्ये येतं. एफटीडीआयची चिप थोडक्या मालासाठी लगेच पाकीट पाठवत नाही, नेहमीच्या मांडणीत १६ मिलिसेकंदांपर्यंत वाट पाहते. १६ मिलिसेकंदांत किती अक्षरं निघून जातात? सुमारे १४. मर्यादा १० ची. म्हणजे 'थांब' हा निरोप यजमानाला कळायच्या आतच मर्यादा ओलांडलेली असते. त्यात यजमानाकडून पाहुण्याकडे जाण्याचा वेळ, पाहुण्याला प्रोसेसर मिळेपर्यंतचा वेळ, शिवाय चिपच्या पोटात पाठवण्यासाठी आधीच भरून ठेवलेली, शंभराहूनही अधिक असू शकणारी अक्षरं. जुन्या पीसीत हे का होत नव्हतं? पोर्टची चिप प्रोसेसरच्या शेजारी होती. हाक मारली की ओ यायची.

अलार्म आला तर नशीब म्हणायचं, कारण मशीन थांबतं. भीती असते ती न सांगता गळालेल्या अक्षराची. जुन्या कंट्रोलवर बहुतेक वेळा अशी मांडणी असते की 'एक्स १०.' म्हणजे १० मिलिमीटर, आणि टिंब नसलेलं 'एक्स १०' म्हणजे १० मायक्रॉन. एका टिंबाने हजारपट फरक. पॅरिटी बिट अक्षरातला एखादा बिट उलटला तर ओळखतो, पण अख्खं अक्षरच आलं नाही तर तो बिचारा काय ओळखणार? शब्दात एक अक्षर कमी आहे हे सांगायला उरलेल्या अक्षरांपैकी कुणीच साक्षीदार नसतो. आणि त्या मशीनसमोर ऑपरेटर उभा असतो, हे विसरू नका.

९. सोंग आणि ढोंग

आता नीतीचा प्रश्न. नकली पोर्ट पाहुण्याला फसवतो, मग ही फसवणूक नव्हे का?

आपल्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, सोंग आणि ढोंग. बहुरूपी दारात येतो, पोलिसाचं सोंग घेऊन दरडावतो, आपण हसतो आणि दक्षिणा देतो. पैठणच्या नाथमहाराजांनी भारुडांतून जोशी, वासुदेव, गोंधळी अशी कितीतरी सोंगं आणली, आणि ती लोकांना शहाणं करण्यासाठी. तोच पोलिसाचा वेष घालून कुणी रस्त्यावर पैसे उकळले तर ते ढोंग. वेष तोच. सोंगात पाहणाऱ्याला माहीत असतं, ढोंगात त्याच्यापासून लपवलेलं असतं.

क्यूएमूच्या उपकरणाने क्रमांक दुसऱ्याचा सांगितला, पण वर्णनपत्रात उत्पादकाचं नाव लिहायची जागा असते, तिथे त्याने सरळ 'क्यूएमू' असं लिहिलं आहे. ड्रायव्हर क्रमांक पाहतो म्हणून काम चालतं, आणि माणूस नाव पाहील तर त्याला खरं कळतं. नाटकाच्या जाहिरातीत पात्राबरोबर नटाचं नाव छापतात, तसं हे.

याच्या उलट बाजारातल्या नकली चिपा. त्यांच्यावर एफटीडीआयचं नावही छापलेलं असतं आणि दुकानदार असली म्हणून विकतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून आलेल्या एफटीडीआयच्या ड्रायव्हरने अशा चिपा हुडकून त्यांचा वस्तू-क्रमांक शून्य करून टाकला, आणि त्या चालेनाशा झाल्या. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. २०१६ मध्ये दुसरी रीत आली. नकली चिप सापडली की ड्रायव्हर मालाच्या जागी 'अस्सल नसलेलं उपकरण सापडलं' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य पाठवू लागला.

विचार करा. कंपनीची तक्रार खरी होती, तिच्या नावावर दुसरा कमवत होता. पण शिक्षा कुणाला झाली? ज्याने ढोंग केलं तो लांब राहिला. ज्याने भोळेपणाने कन्व्हर्टर विकत घेतला, त्याचं मशीन थांबलं. आणि मशीनला जाणाऱ्या तारेवर भलतंच वाक्य पाठवणं ही तर धोक्याचीच गोष्ट. ज्या साखळीच्या टोकाला माणूस उभा आहे, तिच्यात मध्येच कुणी न्यायाधीश होऊन बसू नये, असं माझं मत आहे.

१०. वर्कशॉपसाठी चार गोष्टी

एक. मशीनमध्ये उतरलेला प्रोग्राम परत मागवा आणि मूळ फाइलशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. हे काम कंप्युटर क्षणात करतो. यापेक्षा चांगलं प्रमाण नाही. प्रोग्राम मशीनच्या स्मृतीत न मावता पाठवता पाठवताच चालवायचा असेल, तर ही सोय राहत नाही. अशा कामाला आभासी यंत्राची लांब साखळी लावू नका. मध्ये मोठी स्मृती असलेली पेटी बसवा किंवा खरा पोर्ट असलेला पीसी ठेवा.

दोन. 'थांब-चल' कोण सांभाळतंय ते तपासा. खऱ्या चिपने स्वतः सांभाळलं तर ती थोडक्या अक्षरांतच थांबते. पाहुण्यात केलेली मांडणी यजमानाच्या खऱ्या चिपपर्यंत पोचतेच असं गृहीत धरू नका. वाट पाहण्याची १६ मिलिसेकंदांची मर्यादा १ वर आणता येते, ती आणा. वेग उतरवा. ४८०० ला त्याच वेळात १४ ऐवजी ७ अक्षरं जातात. पण पोटात साठलेल्या अक्षरांवर वेग उतरवणं हे औषध नव्हे, हेही लक्षात असू द्या.

तीन. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला काढून घेतला. पाहुण्याला इंटरनेट देऊ नका. त्याला एक पोर्ट आणि एक फोल्डर पुरे. आणि त्याच्या डिस्कच्या फाइलची प्रत दोन ठिकाणी ठेवा. जुन्या पीसीला जे कधी जमलं नाही ते या सोंगाला जमतं, ते मरत नाही.

चार. वेग, पॅरिटी, थांबा-बिट, केबलच्या पिनांची जोडणी, हे सगळं कागदावर लिहून कंट्रोलच्या दाराच्या आत चिकटवा. हे ज्ञान बहुतेक शेडमध्ये एकाच माणसाच्या डोक्यात असतं. तो सुटीवर गेला की कारखाना सुटीवर जातो.

नवं मशीन घ्यायची ऐपत नसलेल्या माणसाला जुनं मशीन चालू ठेवता येणं ही नुसती काटकसर नाही. दहा-बारा घरांच्या चुली त्यावर असतात. आणि चांगल्या लोखंडाला केवळ बोलणारा नाही म्हणून भंगारात घालणं हा अविवेक आहे.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : आम्ही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहोत. आमच्याकडे मशीन नाही. यातलं काही शिकता येईल का?

उत्तर : तुमच्यासाठी तर हे वरदान आहे. एकाच लॅपटॉपवर दोन आभासी यंत्रं उभी करा आणि एकाचा नकली पोर्ट दुसऱ्याच्या नकली पोर्टला जोडा. एकाला मशीन समजा, एकाला पीसी. मुद्दाम अक्षर गाळा, मुद्दाम उशीर करा, आणि पलीकडे काय होतं ते पाहा. खऱ्या मशीनवर हे प्रयोग कुणी करू देणार नाही. पण आभासी तारेवर पास झालेला प्रोग्राम खऱ्या तारेवर पास झाला असं मानू नका. आभासी तार कधी गंजत नाही, तिला शेजारच्या वेल्डिंग मशीनचा त्रास होत नाही.

प्रश्न : सर, इमर्जन्सी स्टॉप किंवा दाराचं इंटरलॉक अशा पोर्टवरून चालवलं तर?

उत्तर : नाही. अजिबात नाही. ज्या तारेवर माणसाचा जीव आहे तिला सोंग चालत नाही. ती सरळ तारेने, मशीनच्या स्वतःच्या सुरक्षा मंडलातूनच जायला हवी. निरोपाला उशीर झाला तर माल खराब होतो. इथे उशीर झाला तर हात जातो.

प्रश्न : तुम्ही म्हणालात, निरोप पोचला म्हणजे पोर्ट खराच. मग उद्या माणसाचं बोलणंही हुबेहूब पोचवणारं यंत्र आलं तर तेही माणूसच का?

उत्तर : मी पोर्टविषयी तसं म्हणालो, कारण निरोप पोचवणं एवढंच पोर्टचं कार्य आहे. आधी सांगा, माणसाचं कार्य काय? त्याची यादी तुम्ही ७ बाइटांत किंवा ७ हजार पानांत पुरी करून दाखवली, तर आपण पुढचं बोलू. पोर्टची यादी पुरी होते, म्हणून त्याचं सोंग पुरं होतं.